‘शोधयंत्र’ की ‘अभिज्ञातक’? आणि किरणांचा आंबा

प्रश्न : अन्नातलं, मुख्यतः तांदळातलं, किरणोत्सर्गी सीझियम मोजणाऱ्या उपकरणांवर मराठीत लिहितोय. ‘सुपरकंडक्टिंग रेडिएशन डिटेक्टर’ला ‘अतिवाहक किरणोत्सर्ग शोधयंत्र’ चालेल का?

उत्तर : ‘शोधयंत्र’ नको, वाचकाला गूगल आठवेल. ‘अभिज्ञातक’ नेमका आहे, पण जिभेला जड. मी सरळ ‘डिटेक्टर’ लिहितो. ‘अतिवाहक’ समजतं, तरी विश्वकोशातला ‘अतिसंवाहक’ मला जवळचा.

असे डिटेक्टर ज्या ‘ट्रान्झिशन एज’वर, म्हणजे अतिवाहक अवस्था आणि साधी अवस्था यांच्या सीमेवर चालतात, तिच्यासाठी मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे : काठ. धातूचा पातळ थर साधारण 0.1 केल्विनला (जवळजवळ उणे 273 अंश सेल्सिअस), विजेला शून्य रोध आणि नेहमीचा रोध यांच्या अगदी काठावर धरून ठेवतात. गॅमा किरणांचा एक फोटॉन, म्हणजे एक ऊर्जाकण, शोषला गेला की थर किंचित तापतो आणि रोध झपकन चढतो. काठावर पास होणाऱ्याचं एका गुणाने जसं इकडचं तिकडे होतं, तसंच. किती तापला, यावरून फोटॉनची ऊर्जा कळते. 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर सीझियम-137. तांदळातल्या सीझियमला एरवी जर्मेनियमचा डिटेक्टर पुरतो. पण वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या ऊर्जारेषा एकमेकींना चिकटून आल्या की काठावरचा थर त्या वेगळ्या करून दाखवतो.

दुसरं उत्तर : माझा आक्षेप ‘किरणोत्सर्ग’ला आहे. अस्थिर अणुकेंद्राचा आपणहून ऱ्हास होतो तो किरणोत्सर्ग. त्यातून बाहेर पडतं ते प्रारण. डिटेक्टर प्रारण टिपतो, म्हणून ‘प्रारण डिटेक्टर’. फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर जपानने एप्रिल 2012पासून सर्वसाधारण अन्नासाठी किलोमागे 100 बेकेरेल आणि दुधासाठी 50 ही सीझियमची मर्यादा घातली. 100 बेकेरेल म्हणजे सेकंदाला शंभर अणुकेंद्रांचा ऱ्हास, हा किरणोत्सर्ग झाला.

आणि कृपा करून तिसरा शब्द यात मिसळू नका. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-60चे गॅमा किरण देतात. 2007मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही तिथूनच गेला. ते ‘विकिरण’. कोबाल्ट फळाला शिवतही नाही, त्या किरणांनी फळ किरणोत्सर्गी होत नाही. माझ्या मावशीने पेटीवरचं विकिरणाचं हिरवं चिन्ह पाहून ‘किरणांचा आंबा नको गं बाई’ म्हणत पेटी परत केली होती. बातमीत ‘किरणोत्सारी आंबे’ छापून आलं, तर तिचं काय चुकलं?

प्रश्नकर्ता : पटलं. ‘प्रारण’ घेतो आणि विकिरणाची वेगळी चौकट टाकतो. वर्णपटातल्या, म्हणजे डिटेक्टरच्या ऊर्जा-आलेखातल्या ‘पीक’ला ‘शिखर’ लिहू ना?

उत्तर : लिहा. मराठीत ‘पीक’ शेतात उभं राहतं, आणि तुमचा लेख तांदळावर आहे.