ऑनलाइन कार्टमधला सेलचा भाव पाळायचा की नाही?

लालबागकर (मूळ पोस्ट): "फक्त ३ शिल्लक" वाचून वस्तू कार्टमध्ये टाकायची, रात्रभर विचार करायचा आणि सकाळी भाव वाढला की फसवणूक म्हणून ओरडायचं, हे बंद करा. दुकानात हातात धरलेली साडी तुमची होत नाही, बिल फाडल्यावर होते. कार्टचंही तेच.

बॅकएंडवाली: हे वाचून गप्प बसवत नाही. साडीचं उदाहरणच चुकलंय. दुकानात तुमच्या हातातली साडी दुसरं गिऱ्हाईक ओढून नेत नाही, इथे नेमकं तेच होतं. बहुतेक ठिकाणी कार्ट ही नुसती यादी असते. माल अडवला जातो तो 'पैसे भरा' दाबल्यावर, काही ठिकाणी पैसे जमा झाल्यावरच. ५० नग आणि पेमेंटच्या पानावर ५,००० माणसं असली तर ४,९५० जणांना शेवटच्या पायरीवर नकार मिळणार. ओटीपी उशिरा आला, यूपीआयचा पिन टाकून परत येईपर्यंत मिनिट गेलं, तेवढ्यात नग संपतो आणि पैसे मात्र कापलेले असतात. उपाय सोपा आहे. पेमेंटचं पान उघडताच नग आणि भाव दोन्ही १० मिनिटं राखून ठेवा, घड्याळ दाखवा, वेळ संपली की नग सुटा करा. सिनेमाच्या तिकिटांना सीट अशीच अडवतात.

लालबागकर: आणि दलालांनी शंभर खात्यांवरून सगळे नग अडवले तर? दहा मिनिटं संपली की पुन्हा अडवतील. खऱ्या ग्राहकाला सेल संपेपर्यंत "माल नाही" एवढंच दिसेल.

बॅकएंडवाली: धोका खरा आहे, म्हणूनच कार्टला नको, पेमेंटला म्हटलं. एका मोबाइल नंबरला आणि एका पत्त्याला एकच नग. राखून सोडून दिला तर त्या खात्याला अर्धा तास पुन्हा नाही.

लालबागकर: पत्त्याची अट मुंबईत चालवून दाखवा! एका चाळीतली वीस बिऱ्हाडं यंत्राला एकच पत्ता वाटतात, आणि 'रूम नं. ४' व 'खोली क्र. ४' लिहिणारा एकच दलाल त्याला दोन माणसं वाटतो.

बॅकएंडवाली: बरं, पत्त्याची अट काढा. मोबाइल नंबरची ठेवा.

लॅमिंग्टन रोड: दहा मिनिटांवर काय भांडताय? लबाडी त्या काट मारलेल्या किमतीत आहे. एमआरपी ठरवतो उत्पादक, आणि औषधांसारखे अपवाद सोडले तर ती किती फुगवावी याला मर्यादा नाही. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइनही एमआरपी दाखवणं सक्तीचं झालं. नियम ग्राहकाच्या भल्याचा, पण इअरफोनवर ४,९९९ छापून १,४९९ला विकणाऱ्याला त्यातून ७० टक्के सूट मिरवायची सोय झाली. रस्त्यावरचा दुकानदार तोच माल १,४५०ला देतो तरी गिऱ्हाईक विचारतं, "सूट किती?"

लालबागकर: हा वेगळा विषय आहे. छापील किंमत न तपासणाऱ्याला कुणीच वाचवू शकत नाही.

लॅमिंग्टन रोड: वेगळा कसा? "३ शिल्लक"ची घाई त्या खोट्या सूटवरच उभी आहे! तपासायचं तरी कुठे, कालचा भाव पानावर असतो का?

बॅकएंडवाली: इथे लॅमिंग्टन रोडशी सहमत. युरोपीय संघात मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवावा लागतो. आपल्याकडे तसाच नियम हवा.

लॅमिंग्टन रोड: आणा, पण दुकानांच्या पाट्यांना लावणार असाल तर ऑनलाइनवाल्यांना आधी लावा.

लालबागकर: "३ शिल्लक" म्हणजे खोटंच, हे कुणी ठरवलं? तो आकडा बहुधा तुमच्या पिनकोडला माल देणाऱ्या गोदामाचा असतो. लालबागचा ४०००१२ टाकला तर ३, अंधेरीचा पिन टाकला तर ४०. दोन्ही खरे.

बॅकएंडवाली: मग "तुमच्या भागात ३" असं लिहा की! तपासायचं असेल तर तोच पिनकोड ठेवून लॉगिन न करता दुसऱ्या फोनवर बघा. पान ताजं केल्यावर ३ चे ५ आणि पुन्हा ३ झाले तर संशय घ्या. अर्थात ऑर्डर रद्द झाल्या, राखीव वेळ संपली तरी आकडा वाढतो, त्यामुळे एकदाच बघून आरोप करू नका.

माटुंग्याचा वकील: कायद्यात लालबागकर अर्धेच बरोबर आहेत. मांडलेला भाव हा प्रस्ताव नसतो, प्रस्तावाचं आमंत्रण असतं; म्हणजे तेवढ्यावरून विक्रेता त्या भावाला बांधला जात नाही. पण ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिलेत. साठ्याबद्दल खोटी घाई करणं त्यात आहे, आणि चेकआउटला दाखवलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम मागाहून लावणंही. स्क्रीनशॉट वेळेसह ठेवा, कार्टचा वेगळा आणि पेमेंटचा वेगळा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणखी एक, यात पुष्कळ जण चुकतात. पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडे पोचच गेली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, उशिराला दिवसाला १०० रुपये. मात्र पैसे पोचले आणि "माल संपला" म्हणून ऑर्डर रद्द झाली, तर बँकेच्या लेखी व्यवहार यशस्वी. तो परतावा विक्रेत्याकडेच मागायचा, १०० रुपयांचा नियम तिथे लागत नाही.

लालबागकर: ठीक आहे. पेमेंटच्या पानावर भाव बदलू नये, एवढं मान्य. रात्रभर कार्टमध्ये ठेवून सकाळी तोच भाव मागणाऱ्यांना माझा विरोध कायम.

बॅकएंडवाली: तो मी मागितलाच नव्हता. माझी पहिली पोस्ट पुन्हा वाचा, दहा मिनिटंच लिहिलीत.