आयरिश ‘फेअर’ म्हणजे जत्रा की बाजार?

प्रश्न : आयर्लंडच्या खेड्यातल्या जुन्या आठवणी मराठीत आणते आहे. ‘फेअर डे’ पानोपानी येतो. जत्रा लिहिलं की देवाची पालखी आणि पाळणे डोळ्यांसमोर येतात, इथे तर नुसती गुरं आहेत. ‘टँगलर’ आणि ‘लक पेनी’ला काय म्हणावं?

उत्तर : सरळ ‘गुरांचा बाजार’ लिहा. १९५०-६०च्या दशकांत लिलावाची ‘मार्ट’ सुरू होईपर्यंत हा बाजार गावाच्या मुख्य रस्त्यावरच, दुकानांच्या दारांत भरायचा. शेतकरी पहाटेच्या अंधारात गुरं हाकत निघायचे आणि व्यापारी त्यांना वाटेतच गाठायचे.

टँगलर म्हणजे सौदा जुळवणारा दलाल. ‘हेडी’ नको, कारण हेडी स्वतः गुरं घेऊन विकतो. टँगलर दोघांचे हात धरून ओढायचा, निघून चाललेल्याला परत आणायचा. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तिथे सगळा मामला चारचौघांत, तळहातावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. लक पेनीला ‘विसार’ म्हणाल तर अर्थ उलटा होईल. विसार गिऱ्हाईक देतं. लक पेनी म्हणजे सौदा झाल्यावर विकणारा गिऱ्हाइकाला परत करतो ती थोडी रक्कम. ‘शकुनाचे पैसे’ चालेल.

प्रश्न : मग किलॉर्गलिनची ‘पक फेअर’? तीही बाजारच?

उत्तर : ती खुशाल जत्रा म्हणा. केरी परगण्यात १० ते १२ ऑगस्टला भरते. डोंगरातून रानबोकड पकडून आणतात, त्याला मुकुट घालतात आणि उंच मचाणावर चढवतात. घोड्यांचा नि गुरांचा बाजार तिथेही असतोच, पण राजा बोकड!

आणखी एक : डब्लिनजवळची डॉनीब्रुकही घ्या. १२०४ साली सनद मिळालेली ही फेअर दारू आणि मारामाऱ्यांपायी १८५५ मध्ये बंद पडली. इंग्रजीत ‘डॉनीब्रुक’ म्हणजे आजही हाणामारी.

प्रश्न : शेवटचं. ‘हायरिंग फेअर’मध्ये मुलं उभी राहतात, शेतकरी त्यांना निवडून नेतात. सालगडी म्हणू का?

उत्तर : उत्तरेकडच्या स्ट्रॅबेन, लेटरकेनी या गावांकडचं दिसतंय. तिथला करार सहा महिन्यांचा, मे आणि नोव्हेंबरमध्ये ठरायचा. सालगड्यात वर्ष आलं. ‘सहामाही गडी’ लिहा. मुलगा लहान असेल तर ‘गडी’ऐवजी ‘चाकरीचा पोर’.