मुंबई हार्बरचं मेन चॅनल छोट्या बोटीने ओलांडताना: कुठून जायचं, कोणाला वाट द्यायची?

करंजा_काठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २० फुटी फायबर बोट, ४० एचपीचं आउटबोर्ड, चौघंजण. गेटवेकडून मांडव्याला जायचं, तर मधे मेन चॅनल ओलांडावंच लागतं. न्हावा-शेवाची कंटेनर जहाजं, बुचर आयलंडचे टँकर, टग, रो-रो, लाकडी लाँच आणि मच्छीमार बोटी, सगळे तिथेच. उजवीकडून येणाऱ्याला आपण वाट द्यायची आणि डावीकडून येणाऱ्याने आपल्याला, हे माहीत आहे. मग जहाज माझ्या डाव्या हाताला असेल तर मी सरळ पुढे जावं का? चॅनल तिरकं ओलांडलं तर अंतर वाचतं, ते चालतं का? जहाजाने पाच भोंगे दिले तर नेमकं काय करायचं? आणि नांगरलेल्या बोटींजवळून किती वेगाने जावं? त्यावरून फार बोलणी खावी लागतात. अंधारात परतावं लागलं तर दिवे कोणते लागतात, तेही सांगा.

---

बोया_क्रमांक

आधी डाव्या-उजव्याचं. तो क्रॉसिंगचा नियम इथे एकटा पुरत नाही. अरुंद चॅनलमध्ये कोलरेगचा (समुद्रातली टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा) नियम ९ लागतो आणि तो स्पष्ट आहे: २० मीटरपेक्षा लहान बोट आणि शिडाची बोट यांनी, फक्त चॅनलमध्येच तरंगू शकणाऱ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. मासेमारी करणाऱ्या बोटीने तर चॅनलमधून जाणाऱ्या कोणाच्याच वाटेत यायचं नाही. आडवं जाण्याने त्या जहाजाला अडथळा होणार असेल तर ओलांडूच नये, हेही त्याच नियमात आहे. म्हणजे जहाज डाव्या हाताला आहे म्हणून तुम्ही पुढे जाणं चूक. टक्कर होण्याची वेळ आलीच तर जहाजावरही नियमांची जबाबदारी राहते हे खरं, पण १५ मीटर खोल खणलेल्या चॅनलमधून चाललेलं भरलेलं जहाज बाजूला होणार कुठे?

आता तिरकं की सरळ. चॅनलची रुंदी हिशेबासाठी ४५० मीटर धरा, प्रत्यक्षातली चार्टवर मोजून घ्या. ६ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३.१ मीटर. काटकोनात गेलात तर १४५ सेकंद, ४५ अंशात गेलात तर २०५ सेकंद. एक मिनिट जास्त. १० नॉटने येणारं जहाज तेवढ्या एका मिनिटात ३०० मीटर पुढे सरकतं. वाचलेलं अंतर या हिशेबात कुठेच बसत नाही.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) हार्बरमध्ये दोन नॉटपर्यंत ओढ, म्हणजे पाण्याचा प्रवाह, असते, म्हणजे त्या १४५ सेकंदांत बोट दीडशे मीटर वाहून जाते. ते पाहून लोक नाळ (बोटीचं पुढचं टोक) ओढीच्या विरुद्ध वळवतात, म्हणजे मार्ग सरळ दिसावा. तसं केलं की चॅनलमधला मुक्काम वाढतो. नाळ चॅनलला काटकोनात ठेवा, वाहत जायचं तेवढं जा, आणि पलीकडच्या बोयांच्या (चॅनलची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) बाहेर पडल्यावर वाट दुरुस्त करा. फक्त वाहत जाऊन बोयावर आदळणार नाही ना, एवढं निघतानाच पाहा. ओढीत उभा असलेला बोया जवळ गेल्यावर फार वेगाने अंगावर येतो.

कधी ओलांडायचं? दोन्ही बाजूंना एक सागरी मैल मोकळं असेल तेव्हा. १० नॉटच्या जहाजाला तेवढं अंतर तोडायला सहा मिनिटं लागतात, तुम्हाला अडीच. मैल मोकळा नसेल तर बोयांच्या बाहेर वेग कमी करून थांबा, जहाज जाऊ द्या आणि मग त्याच्या मागून जा. मागून जाताना त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंय का ते आधी बघा, आणि उलट दिशेचंही. पहिल्या जहाजाच्या आड दुसरं लपतं.

टक्कर होणार की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोटीची दिशा बदलू नका, डोकं एका जागी ठेवा आणि जहाज रेलिंगच्या कुठल्या खांबाच्या रेषेत आहे ते पाहा. मिनिटभराने ते त्याच खांबावर असेल आणि मोठं दिसत असेल, तर तुम्ही दोघं एकाच जागी पोचणार आहात. खांबाच्या पुढे सरकलं तर ते तुमच्या नाळेपुढून जाईल, मागे सरकलं तर तुमच्या मागून. मात्र जहाज लांबलचक आणि जवळ असेल तर या खुणेवर विसंबू नका, त्याचं एक टोक सरकलेलं दिसतं आणि दुसरं तुमच्या अंगावर असतं.

भोंगे: छोटा म्हणजे सुमारे एक सेकंद, लांब म्हणजे चार ते सहा. एक छोटा, मी उजवीकडे वळतोय. दोन, डावीकडे. तीन, इंजिन मागे चालवतोय. पाच किंवा जास्त छोटे, तुमचा इरादा कळत नाही. पाच ऐकल्यावर पाच-दहा अंश वळून उपयोग नाही, ते ब्रिजवरून (जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून) दिसतच नाही. वेग उतरवा, ज्या काठाकडून आलात त्याच काठाकडे ठळकपणे वळा, बोटीची अख्खी बाजू त्यांना दिसली पाहिजे. बोयांच्या बाहेर जाऊन थांबा. आणखी एक: वळणाआड किंवा आडोशामागून एक लांब भोंगा आला तर कोणीतरी येतंय असं समजा, आपणही एक लांब देऊन उत्तर द्या.

---

ब्रिजवरून

वरच्या उत्तराला जहाजाची बाजू जोडतो.

कंटेनर जहाजाच्या ब्रिजवरून नाळेपुढचं पाणी दिसत नाही. सोलासची (जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराची) मर्यादाच अशी आहे की नाळेपुढे जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढं पाणी आड गेलेलं चालतं. ३०० मीटरच्या जहाजासमोर तुम्ही ४०० मीटरवर असाल तर तुम्ही ब्रिजला अजिबात न दिसण्याची शक्यता आहे. ‘ते मला बघतायत, वळतील’ असं गृहीत धरू नका. सोपी खूण अशी: तुम्हाला ब्रिजच्या काचा दिसत नसतील तर ब्रिजलाही तुम्ही दिसत नाही.

थांबायचं म्हटलं तर चॅनलच्या वेगातही किलोमीटरहून जास्त लागू शकतो. त्यात इंजिन मागे घातलं की बहुतेक जहाजांची नाळ उजवीकडे फिरते आणि सुकाणूचा जोर कमी होतो. अरुंद चॅनलमध्ये याचा अर्थ काठावर चढणं. म्हणून ‘ब्रेक मारा’ हा पर्याय पायलटच्या (जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याच्या) हातात जवळजवळ नसतो. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही दोन मोठी जहाजं याच हार्बरच्या तोंडाशी आदळली, कंटेनर पाण्यात पडले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं असून हे होतं.

टग दिसला की तो काय ओढतोय ते शोधा. टग आणि जहाज किंवा टग आणि बार्ज यांच्या मधून कधीही जायचं नाही. मधला दोर पाण्याखाली लोंबत असतो, ताण आला की वर येतो. रात्री टगच्या पुढच्या डोलकाठीवर एकाखाली एक दोन पांढरे दिवे असतात, टो (टगमागे ओढला जाणारा सगळा पसारा) २०० मीटरहून लांब असेल तर तीन. एकाखाली एक तीन तांबडे दिवे दिसले (दिवसा काळा दंडगोल) तर ते जहाज पाण्यात खोल बसल्यामुळे आपली वाट सोडू शकत नाही, त्याच्या जवळपासही फिरकू नका. पांढऱ्याखाली तांबडा म्हणजे पायलट बोट. ती अचानक वळते आणि वेगात जहाजाला चिकटते, तिला मोकळी जागा ठेवा.

व्हीएचएफ रेडिओ: पाच वॅटचा हातातला सेट घ्या, चॅनल १६ वर आणि हार्बर कंट्रोलच्या चॅनलवर ऐकत राहा. कोणतं जहाज कधी सुटतंय हे ऐकूनच कळतं. पण ‘मला आधी जाऊ द्या’ असं जहाजाशी बोलून ठरवत बसू नका. ‘डावीकडचं जहाज’ म्हटल्यावर तिघे उत्तर देतात आणि तुम्ही भलत्याशी ठरवता. मोबाइलवरच्या एआयएस (जहाजांची जागा दाखवणाऱ्या) अॅपवरही ओलांडायचा निर्णय घेऊ नका, त्यातली जागा कधी कधी काही मिनिटं जुनी असते, आणि बऱ्याच लहान बोटी त्यात नसतातच.

---

तांडेल_रेवस

बोयांच्या बाहेर थांबा म्हणून वर सांगितलं, बरोबर आहे, पण बाहेर काय असतं तेही बघा. उरण-करंजाच्या बाजूला डोली (ओढीत लावलेली पिशवीसारखी जाळी) लागलेल्या असतात. डोलीचं तोंड ओढीकडे आणि खोळा ओढीच्या खाली लांब सुटलेला. खूण म्हणून प्लास्टिकचे कॅन किंवा ड्रम. पाणी जोरात चालू झालं की तेच कॅन पाण्याखाली ओढले जातात आणि वरून काहीच दिसत नाही. पाणी फिरलं की सगळंच उलट्या दिशेला जातं. म्हणून एक कॅन दिसला तर एकच आहे असं समजू नका. वरच्या अंगाने, म्हणजे ज्या बाजूने पाणी येतंय तिकडून, ५० मीटर तरी सोडून जा. दोन सारखे झेंडे दिसले तर मधे जाळं आहे, झेंड्याच्या बाहेरून वळसा घ्या. बोटीवरून कोणी कापड हलवून दाखवत असेल तर तो हाय-बाय करत नाही, वाट दाखवतोय.

पंख्यात दोर अडकलाच तर इंजिन बंद, किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढलेली, गिअर न्यूट्रल, मग टिल्ट करून, म्हणजे इंजिन वर उचलून, हाताने सोडवा. कापावं लागलं तर दोन्ही टोकं परत बांधून सोडा. एक डोल गेली की त्या घरची कमाई गेली.

दुसरं वाऱ्याचं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. सुकती बाहेर जात असते आणि वारा आत येत असतो, तेव्हा चॅनलमध्ये लाट आखूड आणि उभी होते. तोच वारा भरतीत तेवढा त्रास देत नाही. चौघं घेऊन २० फुटी बोटीने जायचं तर सकाळी जा, आणि परतायची वेळ वाऱ्याकडे नव्हे, पाण्याकडे बघून ठरवा. उधाण आहे की भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती), हे आदल्या दिवशी तिथी बघूनही कळतं.

---

बोया_क्रमांक

@तांडेल_रेवस, डोलीचा मुद्दा माझ्या उत्तरात यायला हवा होता, धन्यवाद.

नांगरलेल्या बोटींजवळच्या वेगाबद्दल. सगळ्यात वाईट लाट पूर्ण वेगात उठत नाही, अर्धवट वेगात उठते. २० फुटी बोट साधारण ६ नॉटच्या पुढे गेली की मागची बाजू बसते, नाळ वर जाते आणि ८ ते १२ नॉटला ती पाणी ढकलत चालते. ‘वेग कमी केलाय की’ म्हणणारे नेमके इथे असतात. मागे वळून पाहा: पांढरी फेसाळ भिंत दिसत असेल तर वेग अजून जास्त आहे. ३-४ नॉटवर या, आणि बोटींपाशी पोचल्यावर नव्हे, शंभर-दोनशे मीटर आधी. वेग हळूहळू उतरवा, एकदम थ्रॉटल सोडला तर आपलीच लाट मागून ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) चढते. गेटवेच्या धक्क्यावर लोक एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये पाय टाकत असतात, दोन लाकडांमधली ती फट एका लाटेने हातभर उघडते आणि पुन्हा मिटते. तुम्हाला मिळणारी बोलणी तिथली आहेत, आणि ती रास्त आहेत.

लाँचला ओलांडायचं तर ते कुठे वळेल ते आधी बघा, मोकळं अंतर ठेवून आणि त्याच्या पुढे आडवं न येता जा. अगदी चिकटून गेलात तर सगळे प्रवासी बघायला एका बाजूला येतात आणि लाँच कलते.

जहाजाची लाट जहाज गेल्यावर बऱ्याच वेळाने येते, आणि उथळ पाण्यात ती उभी होते. वेग कमी करा, ४५ अंशात घ्या, माणसांना नाळेवरून उठवून मधे-मागे बसवा. कंबरेची दुखापत नाळेवर बसलेल्यालाच होते.

दिवे: ७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटहून जास्त न धावणाऱ्या बोटीला एक चौफेर पांढरा दिवा चालतो. तुमच्या बोटीचा वेग त्याहून जास्त, म्हणून बाजूचे लाल-हिरवे दिवेही हवेतच. पांढरा दिवा डोक्याच्या वर, काठीवर लावा, नाहीतर उभ्या माणसाने तो झाकला जातो आणि तुमच्याच डोळ्यांवर येतो. रात्री लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर जहाज सरळ तुमच्याकडे आहे. न्हावा-शेवा आणि शहराच्या झगमगाटात ते दिवे हरवतात, म्हणून दिव्यांऐवजी काळी आकृती शोधा: मागचे दिवे ओळीने विझत जाताना दिसले तर मधून काहीतरी मोठं चाललंय.

---

मांडवीकाठ

गोव्यातून थोडकं. मांडवीत आणि कुंभारजुवें कालव्यात खनिजाच्या बार्जसमोर हेच नियम. बार्जचं सुकाणूघर मागे असतं, भरलेली असताना ती पाण्यात खोल बसते आणि पुलांच्या खांबांमधून तिला एकच रेषा असते. पुलाखाली दोघांनी एकदम जायचं नाही, ओढीबरोबर येणाऱ्याला आधी जाऊ द्या, कारण त्याला थांबणं जास्त कठीण.

---

करंजा_काठ

फारच उपयोगी. एकच राहिलं: चॅनलच्या मधोमध इंजिन बंद पडलं तर? नांगर टाकायचा का?

---

ब्रिजवरून

लगेच नाही. पहिले काही सेकंद बोटीला गती असते, तेवढ्यात सुकाणू जवळच्या काठाकडे फिरवा. एकाने वल्ही काढायची, दुसऱ्याने लाइफ जॅकेट सगळ्यांना घातलेलीच आहेत ना ते बघायचं. १८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल लाँचच्या अपघातानंतर गेटवेवरून जाताना जॅकेटची सक्ती आली, पण खासगी बोटीवर ते तुमच्याच हातात आहे. जॅकेट सीटखाली असेल तर ते नाही असंच समजा.

एकजण इंजिन बघतो. क्रम असा: किल कॉर्ड निसटलीय का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय का (टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येणं थांबतं, प्रायमर बल्ब चपटा पडलेला दिसतो), बल्ब दाबून घट्ट होतोय का, मग टिल्ट करून पिशवी. या हार्बरमध्ये प्लास्टिकची पिशवी हे फार नेहमीचं कारण आहे, पाणी ओढायच्या जाळीवर ती चिकटते. इंजिनच्या मागून येणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली की तेव्हाच थांबून बघायला हवं, अलार्मची वाट बघू नये.

दोन मिनिटांत चालू झालं नाही आणि जहाज दिसत असेल तर १६ वर बोला: बोटीचं नाव, कुठल्या बोयाजवळ, इंजिन बंद, किती माणसं. हे सगळं एका दमात. बोयाचा क्रमांक त्यासाठीच येता-जाता वाचत राहायचा.

चॅनलमध्ये नांगर शक्यतो टाकायचा नाही, हेही नियम ९ मध्येच आहे. ओढीने बोट बाहेर जात असेल तर जाऊ द्या आणि उथळ पाण्यात आल्यावर टाका. ओढ खडकाकडे किंवा जहाजाच्या वाटेत नेत असेल तरच आत टाकावा लागतो. खोलीच्या पाचपट दोर हवा: बाहेर ५ मीटर पाणी आणि वर ४ मीटर भरती म्हणजे ४५ मीटर, चॅनलमध्ये मात्र शंभराच्या आसपास. बहुतेक छोट्या बोटींवर ३० मीटर दोर असतो, तोही गुंता होऊन लॉकरच्या तळाशी. ५० मीटर घ्या, आणखी ५० चा जोड दोर वेगळ्या पिशवीत, आतलं टोक बोटीला बांधून, आणि नांगर नाळेवर मोकळा.