मदत हवी आहे: जगातील सर्वांत मोठ्या स्टेडियमचे आकडे जुळत नाहीत, शिवाय मॉडेलमधल्या पायऱ्यांची उंची किती ठेवावी?

चौकटराजा
आठवीच्या मुलांच्या प्रदर्शनासाठी 'जगातील सर्वांत मोठी स्टेडियम' असा तक्ता आणि सोबत प्रेक्षागृहाचं उभ्या छेदाचं मॉडेल करायचं आहे. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.
१) पहिला नंबर कुणाचा? कुठे अहमदाबाद, कुठे प्याँगयाँग, तर कुठे प्राग. एकाच स्टेडियमचे दोन-दोन आकडेही दिसतात.
२) मॉडेल १:५० प्रमाणात सनबोर्डचं आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या कापल्या तर चालतील का?

तिसरा पंच
आधी तक्त्याचा निकष ठरवा, नाहीतर भांडण मिटणार नाही. 'आजची आसनक्षमता, खेळासाठी वापरात असलेलं स्टेडियम' एवढं शीर्षकातच लिहून टाका. मग प्रागचं स्ट्राहोव आपोआप बाद होतं. तिथे अडीच लाख लोक मावत, पण ते सोकोल या चेक व्यायाम-संघटनेच्या सामूहिक कवायतींसाठी बांधलेलं होतं. आता तिथे फुटबॉलच्या सरावाची मैदानं आहेत. इंडियानापोलिसचा मोटार शर्यतीचा ट्रॅकही अडीच लाखांच्या वर जातो, तो वेगळ्या रकान्यात टाका.
उरलेल्यांत अहमदाबादचं मोटेरा (नरेंद्र मोदी स्टेडियम) पहिलं, १,३२,०००. प्याँगयाँगच्या रुंग्राडो मे डे स्टेडियमचा (१९८९) दावा १,५०,००० चा होता, पण २०१४ च्या नूतनीकरणानंतर १,१४,००० हाच आकडा सर्रास धरला जातो. मग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचं, १,०७,६०१. त्याच्या मागे अमेरिकेतलीच आणखी काही कॉलेज-फुटबॉलची स्टेडियम आहेत, आणि मेलबर्नचं एमसीजी १,००,०२४.

चौकटराजा
मिशिगनला एका सामन्याला १,१५,१०९ प्रेक्षक होते असंही वाचलं. क्षमतेपेक्षा जास्त कसे?

तिसरा पंच
२०१३ चा नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धचा सामना. क्षमता आणि उपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे बहुतेक बैठक बाकांची आहे, बाकावर फक्त नंबर रंगवलेला असतो, त्यामुळे दाटीवाटीने जास्त लोक बसू शकतात. शिवाय उपस्थितीच्या आकड्यात कोणकोण धरायचं हे मोजणारा ठरवतो. (आकड्याच्या शेवटचा १ मुलांना आवडेल. माजी क्रीडा संचालक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या मानार्थ ठेवलेली ती एक जादा जागा आहे.)
जुन्या आकड्यांचं कारण आणखी साधं आहे: लोक उभे असत. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्याला ब्राझीलच्या माराकाना स्टेडियममध्ये तिकीट काढून आलेलेच १,७३,८५० होते. आज तिथे ऐंशी हजारांच्या आत जागा आहेत. १९८९ मध्ये इंग्लंडच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याच्या भागात चेंगराचेंगरी झाली, त्याच्या चौकशीचा टेलर अहवाल आला आणि इंग्लंडच्या वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभ्याच्या जागा गेल्या. कोलकात्याचं सॉल्ट लेक बघा. १९९७ मध्ये मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याला १,३१,७८१ लोक होते, आता बकेट खुर्च्यांमुळे क्षमता त्याहून बरीच कमी आहे. आपलं वानखेडेही २०११ च्या विश्वचषकाआधीच्या फेरबांधणीत ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आलं.
म्हणून प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहाच. बार्सिलोनाच्या कँप नोऊचा ९९,३५४ हा तर पुनर्बांधणीच्या आधीचा आहे, तो 'आज' म्हणून छापू नका.

सुतारपक्षी
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. पायऱ्या सारख्या कापू नका, फसाल. पुढच्याच्या डोक्यावरून दिसण्यासाठी जी मोकळीक लागते तिला सी-व्हॅल्यू म्हणतात. सूत्र:

सी = अ × (प + उ) ÷ (अ + ख) − उ

अ म्हणजे पुढच्या रांगेतल्या डोळ्यापासून मैदानावरच्या लक्ष्यबिंदूपर्यंतचं आडवं अंतर, उ त्याच डोळ्याची लक्ष्यबिंदूपासूनची उंची, प पायरीची उंची, ख पायरीची खोली. ९० मिमी मिळाले की दृश्य चांगलं, ६० म्हणजे कसंबसं.
ख ८० सेंमी धरा. खाली अ १० मीटर, उ दीड मीटर असताना २२ सेंमीची पायरी पुरते (९३ मिमी). वर अ ६० मीटर, उ २१ मीटर झाली की ३७ सेंमी लागते (८९ मिमी). तिथे पाच सेंमी वाचवून ३२ केलीत तर सी ४० मिमीच उरतो आणि मागच्याला पुढच्याची टोपी दिसते. म्हणजे छेद वर जाताना वाकत गेला पाहिजे, सरळ उतार नको.

१:५० मध्ये खोली १६ मिमी, पायरी खाली ४.४ आणि वर ७.४ मिमी. ५ मिमी सनबोर्डच्या दोन बाजूच्या पट्ट्यांवर हा जिना आधी पेन्सिलने आखा आणि दोन्ही पट्ट्या एकत्र पिनांनी जखडून कापा. वेगवेगळ्या कापल्या की पायऱ्या तिरक्या बसतात. मॉडेल मीटरभर लांब होणारच, पण सगळ्या रांगा कापत बसायला नको, खालच्या आणि वरच्या दहा-दहा पुरे. मधली जागा मात्र मापाने रिकामी सोडा, वरचा भाग खाली ओढलात तर हिशोब बिघडेल.

चौकटराजा
बरोबर जमलंय हे मुलांनी तपासायचं कसं?

सुतारपक्षी
बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २४ मिमी. प्रत्येक पायरीवर पुढच्या कडेपासून सारख्या अंतरावर टाचणी खोचा, माथा २४ मिमीवर. लक्ष्यबिंदूपासून मागच्या टाचणीच्या माथ्यापर्यंत दोरा ताणा. पुढच्या टाचणीवर जवळपास २ मिमी फट राहिली पाहिजे. दोरा टेकला तर ती पायरी बुटकी आहे.
वरचा कडाही मनमानी चढवू नका. इंग्लंडच्या ग्रीन गाइडमध्ये (क्रीडामैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका) ३४ अंशांपर्यंतचा उतार सुचवला आहे, ८० सेंमी खोलीला म्हणजे ५४ सेंमीची पायरी.

तिसरा पंच
याच कारणाने लाखाच्या वर जाणं अवघड असतं, हे तक्त्याच्या कडेला लिहिता येईल. फुटबॉलला शेवटच्या खुर्चीपासून मैदानाचा दूरचा कोपरा १९० मीटरच्या आत ठेवतात, त्यापलीकडे चेंडू नीट दिसत नाही. क्रिकेटचं मैदानच मोठं, सीमारेषा ८२ मीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे मोटेरासारख्या ठिकाणी वरच्या मजल्यावरच्यांची भिस्त मोठ्या पडद्यावर.