'प्रेमळ', 'लाडकी' की आणखी काही? एका ओळीसाठी विशेषण हवं आहे

उंबरठा:
आई जाऊन तीन महिने झाले. तिचे फोटो आणि पत्रं एकत्र करून घरच्यांपुरतं एक छोटं पुस्तक करतोय. नातवंडांपैकी निम्म्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून पहिल्या पानावर दोन्ही भाषांत एकेक ओळ हवी. इंग्रजी ओळ भाच्याने मिनिटात लिहून दिली: 'अवर बिलव्हेड मदर अँड ग्रँडमदर'. मराठी माझ्याकडे आली आणि मी आठवडाभर अडकून पडले आहे.

मी लिहिलं 'आमची प्रेमळ आई व आजी'. धाकटा भाऊ म्हणाला, प्रेमळ म्हणजे प्रेम करणारी. आपल्याला सांगायचंय ते आपलं तिच्यावर किती होतं ते. त्याचं बरोबर आहे. 'लाडकी' म्हणावं तर लाड तीच आमचे करायची, आम्ही तिचे कधी केले? 'आवडती' लिहिलं की मागे नावडती उभी राहते. 'प्रिय' मला मायन्यातलं वाटतं.

शिवाय 'आई व आजी यांच्या आठवणीत' हे वाचून एका मैत्रिणीने दचकून विचारलं, "दोघी एकदम गेल्या?"

अनुस्वार:
दोघींचा घोटाळा 'यांच्या'मुळे होतोय. आदरार्थी अनेकवचन आणि त्यात मध्ये 'व'. 'आमची आई, आमच्या मुलांची आजी' असं लिहा, स्वल्पविराम पुरतो. विशेषणाचं म्हणाल तर 'प्रिय' निर्दोष आहे. जिच्यावर प्रेम आहे ती प्रिया, तो प्रिय. मायन्यात झिजला म्हणून शब्द टाकायचा नसतो.

काठावरची:
पण मायन्यात तरी आईला 'प्रिय' कोण लिहायचं? आम्हाला शिकवलं होतं, आईवडिलांना 'तीर्थरूप', बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. मी आयुष्यभर 'ती. आईस' एवढंच लिहिलं. पूर्ण शब्द एकदाही लिहिला नाही, हे आत्ता तुमचा प्रश्न वाचताना लक्षात आलं. तुम्ही तो पूर्ण छापा.

अनुस्वार:
तीर्थरूप हे आदराचं झालं. विचारलंय प्रेमाचं.

काठावरची:
आमच्या घरात ते वेगळं नव्हतं.

सातवी_सून:
'यांच्या' की 'हिच्या', हे वाटतं तितकं व्याकरणाचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा निरोप मी लिहिला होता: 'आमच्या आई काल गेल्या'. नणंदेने वाचला आणि रडायलाच लागली. म्हणाली, "वहिनी, हे तुमचं वाक्य आहे. माझी आई 'गेली'." मी त्यांना अहो आई म्हणायचे, ती अगं आई. एका निरोपात दोन्ही बसवणं मला जमलं नाही. शेवटी दोन निरोप पाठवले.

उंबरठा:
हे वाचून थांबले. माझी वहिनीही आहेच या पुस्तकात.

जुनी_वही:
थोडं विषय सोडून. माझी आई म्हणायची की 'आजी' हा शब्द 'आज'वरून आला. जुन्या मराठीत आजला 'आजि' म्हणत, 'आजि सोनियाचा दिनु' मध्ये आहेच. "मी आज आहे तोवर ये," असं ती नातीला फोनवर सांगायची. खरं आहे का हे?

अनुस्वार:
नाही. आज हा 'अद्य'वरून, आजी 'आर्यिका'वरून. दोन वेगळी मुळं. कानाला सारखं लागलं की व्युत्पत्ती जुळवायची, या सवयीने भाषेचं नुकसान होतं.

तळटीप:
मुळं वेगळी हे मान्य, पण एवढं झटकू नका. प्राकृतात 'अद्य'चं 'अज्ज' झालं आणि 'आर्य'चंही 'अज्ज'च. म्हणजे मराठीत येण्याआधी हे दोन शब्द एका रूपाला येऊन गेले आहेत. जुनी_वही, तुमच्या आईंची व्युत्पत्ती चुकली, कान चुकला नाही.

जुनी_वही:
हे तिला सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

अनुस्वार:
'अज्ज'चं मान्य. मूळ प्रश्नाकडे येऊ या. आठवणीत, स्मरणार्थ, स्मृतिप्रीत्यर्थ यांपैकी काहीही घ्या, पण 'स्मृतीप्रीत्यर्थ' असा दीर्घ 'ती' नको. समासात तो ऱ्हस्वच राहतो, जसं बुद्धी पण बुद्धिवैभव.

काठावरची:
'स्मृतिप्रीत्यर्थ'च नको. स्मृतीला प्रसन्न करायचंय का कोणाला? 'स्मरणार्थ' म्हटलं की झालं. त्याहून 'आठवणीत' बरं, ते निदान कोणी बोलतं तरी.

तळटीप:
'सय' का नाही? तो स्मृतीचाच वंशज. स्मृति, प्राकृत सइ, मराठी सय. शुद्धवाले आणि बोलीवाले दोघांचंही समाधान.

अनुस्वार:
'सय' आता कवितेपुरताच उरलाय. घरात कोणी म्हणत नाही.

उंबरठा:
आमच्या घरात म्हणत होते. तुमचं वाचून पत्रांचा गठ्ठा पुन्हा काढला. मी वसतिगृहात होते तेव्हाचं एक आंतर्देशीय पत्र आहे. जागा संपली म्हणून तिने शेवटची ओळ कडेने, उभी लिहिलीय. पत्र फिरवल्याशिवाय वाचता येत नाही: 'संध्याकाळी तुझी फार सय होते.' ती ओळच पहिल्या पानावर घ्यायचं मनात आहे, तिच्या अक्षरात. विशेषणाचं नंतर बघू.

फक्त आता नवा वाद सुरू झालाय. भाऊ म्हणतो, सय 'येते', 'होते' नव्हे. खाली छापील ओळ देताना दुरुस्त करू या, म्हणतो. मी करू देणार नाही. पण विचारते, तुमच्यापैकी कोणाकडे 'सय होते' म्हणतात का?

अनुस्वार:
रूढ 'सय येते' हेच. हस्ताक्षर आहे तसं ठेवा, छापील ओळीत 'येते' करा. नातवंडं त्यावरून मराठी शिकतील.

सातवी_सून:
'आठवण येते' आणि 'आठवण होते' दोन्ही चालतं, मग सयीनेच काय केलं? एक अक्षरही हलवू नका.

जुनी_वही:
आमच्याकडे 'येते'. पण आईच्या धाकट्या बहिणीला उद्या फोन करून विचारते, तिला माहीत असेल.