तीन ब्लॉकेज आणि शुगर: स्टेंट की बायपास?

कोथरूडकर: मंडळी सल्ला हवाय. बाबा 66, जुनी शुगर, जिना चढताना छातीत भरून यायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली तर हृदयाच्या तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज, एलएडीत (पुढच्या बाजूची मुख्य नळी) 90 टक्के. ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) 45. एक डॉक्टर म्हणतात स्टेंट टाका, परवा घरी, दुसरे म्हणतात बायपासच करा. छाती उघडायची म्हटलं की बाबांना घाम फुटतो.

सिस्टर_नाशिक: कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी, स्टेंट करतात तिथे) आहे, डॉक्टर नाही, तेवढं लक्षात घेऊन वाचा. हृदयातून मिनिटाला पाचेक लिटर रक्त जातं पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला ते मिळतं कोरोनरीमधूनच (हृदयाच्या स्वतःच्या नळ्या), आणि एलएडी डाव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीला पुरवते म्हणून सगळे तिलाच घाबरतात. शुगरवाल्यांच्या नळ्या लांबवर खराब असतात. स्टेंट तेवढाच तुकडा उघडतो, बायपासची नळी ब्लॉकच्या पुढे जोडतात, त्यामुळे मागे नवा ब्लॉक झाला तरी रक्त पोचतं. 2012 चा फ्रीडम ट्रायल (स्टेंट आणि बायपासची तुलना करणारा अभ्यास) नेमका अशाच पेशंटवर होता, बायपासवाल्यांत स्टेंटवाल्यांपेक्षा पाच वर्षांत मृत्यू आणि अटॅक कमी, स्ट्रोक मात्र जास्त. हे दोन्ही डॉक्टरांसमोर काढाच.

मिरजेची_सून: सासऱ्यांचं झालंय. सर्जनला विचारा एलएडीला लिमा लावणार ना, छातीच्या आतली धमनी असते ती, पायाच्या शिरेपेक्षा खूप जास्त टिकते. आमच्याकडे छातीपेक्षा पायाच्या जखमेनेच पिडलं, शुगर आधी ताब्यात आणा. आणि खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, हे कुणी सांगत नाही.

अण्णा५७: लसूण, आलं, लिंबाचा काढा घ्या, मेहुण्याचे ब्लॉकेज गेले.

सिस्टर_नाशिक: अण्णा, मेहुण्यांची दुसरी अँजिओ केली होती का? काढ्याने 90 टक्क्यांचा ब्लॉक मोकळा होत नाही हो. कोथरूडकर, बसल्या जागी दुखलं, घाम आला तर धागा सोडा, सरळ 108.

कोथरूडकर: हो. ईएफ वाढेल का पण?

सिस्टर_नाशिक: मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे व्रण होतो. पण रक्त कमी पडून नुसता सुस्तावलेला भाग असेल तर सुधारू शकतो. किती जिवंत आहे ते विचारा.

कोथरूडकर: उद्या अँजिओग्राफीची सीडी घेऊन तिसऱ्यांकडे जातो. खर्चाचं काय?

मिरजेची_सून: महात्मा फुले योजनेत दोन्ही बसतं, हॉस्पिटल यादीत आहे का ते ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) विचारा. रेशनकार्ड, आधार ओरिजिनल न्या.