रोज रात्री अर्धा तास गोधडी: कापडही गोळा होतंय आणि मनही

निवांत_कोपरा: झोपण्याआधी अर्धा तास फोन लांब ठेवून हातानं काहीतरी करायचं, म्हणून बाळाची छोटी गोधडी घेतली आहे. साड्यांचे चार थर, मशीनचा साधा दोरा. कापड जागोजागी गोळा होतं, दोरा सारखा गुंततो, आणि निवांत वाटायच्या ऐवजी ‘अजून किती राहिलं’ याचीच टोचणी लागते. कुठे चुकतंय?

सुईदोरा: धाग्यावर चर्चेचा धागा काढलात, छान! आधी साड्या कसल्या आहेत ते बघा. सिंथेटिक असतील तर थर एकमेकांवरून घसरणारच. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडीच घ्या आणि गरम पाण्यात भिजवून खळ काढून टाका. एखादा थर कोऱ्या कापडाचा असेल तर पहिल्या धुण्यात तो एकटाच आटतो आणि सुरकुत्या कायमच्या राहतात. गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. जरीचे काठ बाळाला टोचतात, ते काढा.

काठ काढून पन्ना मीटरभर उरतो. 85 सेंमीचे चार तुकडे म्हणजे साडेतीन मीटर, एका सहावारीत काम होतं. विरलेला भाग मात्र टाळा.

गोळा होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवणारे तात्पुरते टाके, नसणं हेच असतं. फरशीवर थर अंथरा, कोपऱ्यांवर जाड पुस्तकं ठेवा, आणि मधून कडेकडे दर 15 सेंमीवर लांब कच्चे टाके घाला. ते न घालता आधी कडा शिवल्या तर सैल कापड मध्ये अडकतं आणि फुगा येतो. मग धावदोरा: टाका सेंमीभर, दोन ओळींत अडीच सेंमी. दोरा ओढून ताणू नका, ओळ संपली की तिच्यावरून बोट फिरवून कापड सपाट करा.

मशीनचा दोरा बारीक पडतो. भरतकामाच्या सहा पदरी लडीतले तीन पदर घ्या, दीड हातापेक्षा लांब नको आणि मेणावरून एकदा ओढा. गुंता तिथेच थांबतो. सुई मोठ्या नेढ्याची, पण दाभण नको, भोकं पडतात. बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) हवंच.

मंद_टाके: कापडाचं वर आलंच आहे, मी टोचणीबद्दल लिहिते. कडा दुमडून झालेल्या 75 बाय 90 सेंमीच्या गोधडीत अडीच सेंमीच्या अंतरानं साधारण 27 मीटर ओळ होते. अर्ध्या तासात मीटरभर धरा, म्हणजे महिना. हा हिशोब एकदाच करायचा आणि विसरायचा. रोजचं माप ‘दोन दोरे’ ठेवा. दोरा संपला की काम संपलं, घड्याळ बघायची गरज नाही.

ओळ पूर्ण करून उठू नका, मध्येच सोडा. दुसऱ्या दिवशी ‘कुठून सुरू करू’ हा विचारच करावा लागत नाही. धावदोऱ्यात निर्णय जवळपास नसतात, दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून मन हळूहळू त्या लयीत येतं. रोज नवा नमुना शोधत बसलात तर ते ऑफिसचंच काम झालं.

चष्मेवाली: उजव्या हातानं शिवत असाल तर दिवा डाव्या बाजूला, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. मांडीवर उशी घेऊन काम वर आणा, मान वाकवू नका. तिन्हीसांजेला सुई धरू नये असं जुन्या बायका म्हणायच्या, त्यात उजेडाचा हिशोब असावा. उठताना सुया मोजा, घरात लहान मूल असेल तर दोनदा.

आणि एक: दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल किंवा कशातच मन लागत नसेल तर गोधडीवर भागवू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा.

निवांत_कोपरा: कच्चे टाके घातलेच नव्हते! शिवलेल्या सात ओळी उसवू का?

सुईदोरा: फुगा आहे तेवढ्याच उसवा. दोरा दर तिसऱ्या टाक्यावर कापून उलट बाजूनं ओढा, म्हणजे जुनं कापड फाटत नाही. भोकं पाण्याचा हात फिरवल्यावर बरीचशी बुजतात. लड्या तीन आणा. दोनमध्ये होतं, पण शेवटच्या ओळीला हमखास कमी पडतं.